हेबिकुरावर पहिली पाटी

५ ऑक्टोबर, रविवार

ठरलं. हेबिकुराच्या माथ्यावर पहिली पाटी माझीच लागणार.

आज गिर्यारोहण मंडळाची मीटिंग झाली. आमच्या भागातल्या झाडून सगळ्या डोंगरांवर, ज्यांना डोंगर म्हणताना जीभ अडखळते त्यांच्यावरसुद्धा, सलूनवाल्या कासामात्सुच्या लाकडी पाट्या लटकतात. वर डोंगराचं नाव, खाली त्याचं. माणूस धापा टाकत माथ्यावर पोचतो आणि समोर न्हाव्याची जाहिरात! राहिला एकटा हेबिकुरा. त्याला वाट नाही, वरून काही दिसत नाही, नुसतं डोक्याच्या वर गेलेलं बांबूचं रान. म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. आज कासामात्सु चहा ओतता ओतता म्हणाला, या महिन्यात तोही उरकून टाकतो. उरकून! डोंगर आहे की दाढी?

मी शांतपणे सांगितलं की हेबिकुरा मी करतोय. सगळे गप्प झाले. आदराने असावं. मग खजिनदार बाई म्हणाल्या, ओनुकीसान, तुम्ही त्या केबल कारच्या डोंगरावर हरवला होतात ना? मी हरवलो नव्हतो. मी दुसऱ्या बाजूने उतरलो होतो. ती बाजू दुसऱ्या जिल्ह्यात निघाली, त्याला मी काय करणार?

३ नोव्हेंबरला मंडळ पुढच्या वर्षाचा लीडर निवडणार आहे. तोवर माझी पाटी लागली तर दुसऱ्या कोणाचं नाव निघेल? सध्या मला रांगेत सर्वांत शेवटी चालवतात. शेवटचा माणूस अनुभवी लागतो, हे मान्य. पण किती वर्षं लोकांच्या पाठपिशव्याच बघायच्या?

६ ऑक्टोबर

सराव उद्यापासून. आज पाऊस होता. दुपारी थांबला, पण जमीन ओली.

८ ऑक्टोबर

सराव जोरात सुरू. देवळाच्या पायऱ्या चढलो. मध्ये मध्ये थांबून दगडी कंदिलांवरचं कोरीवकाम पाहिलं. एक आजीबाई भाजीची पिशवी घेऊन मागून आल्या, पुढे गेल्या, देवापुढे टाळ्या वाजवून, नमस्कार करून परत खाली आल्या, तेव्हा मी दुसऱ्या कंदिलाशी होतो. त्यांनी विचारलं, बरं वाटत नाही का हो? लोकांना कलेची दृष्टीच नाही.

संध्याकाळी गुडघा. कोरीवकाम बघताना वाकल्यामुळे.

११ ऑक्टोबर

पाटी तयार! दुकानातली लाकडं काही पसंत पडेनात. घरीच एक उत्तम हिनोकीची फळी मिळाली, ओट्याच्या मागे उभी करून ठेवलेली. जुनी, मुरलेली. एका बाजूला थोडे ओरखडे आहेत, पण दुसरी बाजू कोरीकरकरीत. 

आधी स्वतःचं नाव कोरलं. ‘ओनुकी’ला रेघा कमी, हात साफ व्हावा म्हणून. हात फारच साफ झाला. मग डोंगराच्या नावाला जागा जरा कमी पडली. हेबिकुरातलं पहिलं चित्राक्षर सापाचं, आणि साप लिहायचा म्हणजे रेघाच रेघा. कोपऱ्यात बसवलाय. जवळ जाऊन पाहिलं की वाचता येतो.

१२ ऑक्टोबर

तोमिए सकाळपासून भाजी कापायची फळी शोधते आहे. मीही शोधायला मदत केली. पलंगाखालीसुद्धा पाहिलं. बायकोच्या अडचणीला धावून जाणारे नवरे आता राहिले नाहीत.

रात्री पानात मुळा अख्खा. तोमिए म्हणाली, फळी सापडेपर्यंत असाच मिळेल, दात आहेत ना अजून?

१८ ऑक्टोबर, शनिवार

मोहीम आज होती. हवामानामुळे रद्द. आकाश अगदी निरभ्र होतं, पण अनुभवी माणसाला असल्या निरभ्र आकाशाचाच संशय येतो. दिवसभर खिडकीत बसून लक्ष ठेवलं. अधूनमधून बेसबॉलही.

तोमिए म्हणाली, अहो, ही खिडकी समुद्राकडची आहे, डोंगर मागे आहे. मला माहीत होतं. हवामान समुद्राकडूनच येतं.

२३ ऑक्टोबर

सलूनमध्ये गेलो. गावात एकच सलून असल्यावर शत्रूच्या हाती मान द्यावी लागते. कासामात्सु म्हणाला, येत्या रविवारी हेबिकुरा. पाटी रंगवून तयार आहे म्हणे, तीही दोन रंगांत. वस्तरा माझ्या गळ्यावर होता म्हणून उत्तर देता आलं नाही, नाहीतर दिलं असतं.

कटिंग पाच मिनिटांत उरकलं. केस बारीक आणि उच्च प्रतीचे असले की असा वेळ वाचतो.

म्हणजे मला शनिवारी निघावं लागणार. परवा! हवामानाचं काय ते बघून घेऊ.

२४ ऑक्टोबर

तयारी पूर्ण. अस्वलासाठी घुंगरू. फांद्यांना बांधायला गुलाबी फीत, म्हणजे परतीची वाट चुकत नाही. पाटी. पाटी टांगायला तार. फोन चार्जिंगला लावला.

तोमिए म्हणाली, कुठून चढणार, कुठून उतरणार ते लिहून पोलीस चौकीच्या पेटीत टाका. मी सांगितलं, ते नवशिक्यांसाठी असतं. मग तिने विचारलं, परत कधी येणार? मी म्हणालो, जेवायच्या वेळेला. ती म्हणाली, कुठल्या दिवशीच्या?

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सहा. निघतो आहे. तोमिए झोपेतून उठून भाताचे गोळे करून देते आहे. तोंडाने काही बोलत नाही, पण नजरेत अभिमान आहे. ती म्हणते, झोप आहे.

आठ. रानात शिरलो. बांबू जेमतेम बोटाएवढा, पण मोजदाद नाही. हिवाळ्यातल्या बर्फाने सगळे उताराकडे आडवे झालेले. म्हणजे आपण वर जायचं आणि ते सगळे मिळून आपल्याला खाली ढकलणार. एकाला बाजूला करावं तर दुसरा थोबाडीत देतो. चष्मा गेला होता, सापडला. टोपी गेली, नाही सापडली. 

फोन घरीच राहिला. एव्हाना पूर्ण चार्ज झाला असेल, तेवढंच समाधान.

साडेनऊ. धक्का! रानात गुलाबी फिती बांधलेल्या आहेत. माझ्याआधी कोणीतरी आलंय. कासामात्सुने दगा दिला? पण गाठी बघता माणूस अगदीच कच्चा वाटतो. कुठे ढिली, कुठे दुहेरी, एक तर चक्क बुटाच्या नाडीसारखी फुलाची. फीत मात्र माझ्याच कंपनीची. निवड चांगली आहे त्याची. कोण का असेना, माथ्याकडेच गेला असणार. त्याच्या मागोमाग जातो.

साडेदहा. तपास पूर्ण. फिती माझ्याच आहेत. म्हणजे माझी वाट बरोबर आहे हे आता दोनदा सिद्ध झालं.

अकरा. अस्वल. दिसलं नाही, पण डावीकडचे बांबू हलले. घुंगरू वाजवायला गेलो तर घुंगरूही नाही. कुठेतरी टोपीला भेटायला गेलं असेल. अशा वेळी पळायचं नाही, मोठ्याने बोलायचं असतं. काय बोलावं सुचेना. मी ओनुकी, बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात जनरल अफेअर्सला होतो, आता निवृत्त, आपला परिचय झाला, आनंद वाटला, असं खणखणीत म्हटलं आणि कमरेत वाकलो. हात सवयीने व्हिजिटिंग कार्डासाठी खिशात गेला होता. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग ते निघून गेलं. सभ्य होतं.

बारा. माथा!!

खरा माथा कोणता, याची खूण म्हणजे सर्व्हे खात्याचा चौकोनी दगड. बांबू बाजूला केले आणि समोर तोच. गुडघ्याएवढा, चारही कडा सरळ, शेवाळलेला, वर कोरलेली खूण झिजून गेलेली. दृश्य काहीच नाही, बांबूच बांबू. दगडाच्या पलीकडे जमीन अजून वर चढल्यासारखी वाटते, पण तो बांबूंच्या उंचीमुळे होणारा दृष्टिभ्रम आहे. कुठूनतरी सतत एक ‘घूंऽऽ’ असा गंभीर आवाज येतो आहे. शहरात राहून हे ऐकू येत नाही. डोंगर श्वास घेतो तो असा.

पाटी तारेने झाडाला बांधली. थोडी तिरकी बसली आहे. दोन पावलं मागे जाऊन पाहिली आणि एकदम डोळे भरून आले. सगळी नोकरी झाकणांत गेली. देशभर लोकांनी माझ्या हाताखालून गेलेली झाकणं उघडली आणि फेकून दिली, आणि एकावरही माझं नाव नव्हतं. आज एका झाडावर आहे. ओनुकी. डोंगराचं नाव बारीक आलंय, पण डोंगराला काय, तो आहेच इथे.

जेवायच्या वेळेत घरी पोचणं आता जमणार नाही. भाताचे गोळे इथेच खाल्ले.

दोन. उतरतो आहे. चढताना ढकलणारे बांबू उतरतानाही ढकलतात. बसूनच उतरावं लागतं. हे शास्त्रशुद्ध आहे.

तीन. खाली गावातला भोंगा वाजला. आमच्याकडे खांबाखांबांवर बसवलेत, भूकंपाच्या सूचनेसाठी. आता अवेळी कसा, म्हणून कान देऊन ऐकलं. पालिकेची बाई एकेक शब्द सुटा करून सांगत होती. एक वृद्ध गृहस्थ सकाळपासून बेपत्ता आहेत. वय सहासष्ट. उंची अंदाजे एकशे साठ सेंटीमीटर. अंगाने किरकोळ, पाठीला पोक, डोक्यावर केस नाहीत. चालताना डावा पाय ओढतात. अंगात मळकट रंगाचं जाकीट. कोणाला दिसल्यास कळवावे. नाव सांगत नाहीत, ते खासगी.

वाईट वाटलं. माझ्याच वयाचा माणूस! काही लोक स्वतःला किती लवकर सोडून देतात. व्यायाम नाही, छंद नाही, मग पाठीला पोक येणार नाही तर काय? घरच्यांनी तरी अशा माणसाला एकटं कसं सोडलं? मी एकशे पासष्ट, ताठ. माझं जाकीट शेवाळी रंगाचं आहे, कॅटलॉगमध्ये तसं छापलंय.

खाली पोचलो की शोधकार्यात उतरणार. आज डोंगराने मला एवढं दिलं, त्याची परतफेड.

सव्वाचार. घाईत लिहितो आहे. जंगलखात्याच्या रस्त्याला लागलो तर शेजारच्या गावच्या अग्निशमन स्वयंसेवकांची तुकडी भेटली. त्यांनी विचारलं, काका, तुम्ही कुठल्या गटातले? मी म्हणालो, आत्ताच हेबिकुरा उतरून येतोय. सगळे बघतच राहिले. एकाने विचारलं, मग वर कोणी दिसलं का? मी सांगितलं, सबंध डोंगर पालथा घातलाय, चिटपाखरू नाही. त्यांनी लगेच नकाशावर वरच्या भागावर फुली मारली. वेळ वाचवला त्यांचा.

मला हेल्मेट आणि पिवळं जाकीट दिलं. मी त्यांना म्हणालो, अशी म्हातारी माणसं खाली खाली जातात, ओढ्याच्या कडेने बघू. आता एका रांगेत हाका मारत चाललो आहोत. आजोबा! ओ आजोबा! माझा आवाज सगळ्यांत लांब जातो. आणि मुख्य म्हणजे, आज मी रांगेत सर्वांत पुढे आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

अंग दुखतंय. त्यामुळे कालचं थोडक्यात.

अंधार पडायच्या आत सगळ्या तुकड्यांना समाजमंदिरात बोलावून घेतलं. तिथे गावातल्या बायकांनी शोधणाऱ्यांसाठी मिसो सूप आणि भाताचे गोळे केले होते. मी हेल्मेट घालून रांगेत उभा राहिलो. पातेल्याशी तोमिए होती. मला बरं वाटलं, म्हटलं, हीसुद्धा त्या बिचाऱ्यासाठी धावून आली. वाफेत मान खाली घालून वाढत होती. माझ्या हातात गोळा ठेवला आणि वर न बघता म्हणाली, आमच्यासाठी फार त्रास घेतलात हो. आवाज पार बसलेला होता.

गोळ्यात खारवलेलं प्लम होतं. मी म्हणालो, प्लमचा नको, माशाचा आहे का?

तिची पळी थांबली. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग पळी माझ्या हेल्मेटवर आपटली. दोनदा. हेल्मेट चांगल्या प्रतीचं आहे. आणि मग ती तिथेच, पातेल्याशेजारी खाली बसली आणि मोठमोठ्याने रडायला लागली. तिची आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. सगळं गाव भोवती जमलं. मला काय करावं सुचेना, म्हणून मी प्लमचा गोळा खाल्ला.

मग अग्निशमन दलाचे प्रमुख योकोई आले आणि त्यांनी विचारलं, यांना शोधलं कोणी? रिपोर्टला नाव लागतं. शेजारच्या गावचा एकजण म्हणाला, हे तर आमच्याबरोबरच शोधत होते, यांच्याच सांगण्यावरून आम्ही वरचा भाग सोडला. मी एवढंच निदर्शनाला आणून दिलं की त्या हिशेबाने शोधणारा मीच. योकोईंनी पेन खिशात ठेवलं.

तेवढ्यात कासामात्सुने पिशवीतून माझी पाटी काढली. त्याच्या गटाला ती दुपारीच सापडली होती. दफनभूमीच्या वरच्या अंगाला पाणीपुरवठ्याची टाकी आहे, तिच्या मागे. तो दगड सर्व्हेचा नाही, पाणीखात्याच्या हद्दीचा आहे म्हणे. घूंऽऽ आवाज पंपाचा. माथा तिथून पुढे अख्खा डोंगरभर वर. मी म्हणालो, खाणाखुणांबद्दल तज्ज्ञांत मतभेद असतात. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तोमिएने डोळे पुसले, पाटी हातात घेतली, उलटी केली, ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि पिशवीत टाकली.

घरी येताना भोंगा वाजला. गृहस्थ सुखरूप सापडले आहेत, सहकार्याबद्दल आभार. मी सवयीने थांबून ऐकलं.

२८ ऑक्टोबर

माफीच्या फेरीला निघालो. ज्यांनी ज्यांनी शोधलं त्यांच्या दारी मिठाईचा खोका द्यायचा आणि वाकायचं. मी वाकायच्या आत तोमिए वाकते, त्यामुळे मला तिच्याहून खाली जावं लागतं. कंबर गेली. देवळाजवळच्या त्या भाजीच्या पिशवीवाल्या आजीबाई म्हणाल्या, मी वर्णन ऐकताक्षणी सुनेला सांगितलं, हे तर कंदीलवाले.

कासामात्सुने खोका घेतला, चहा पाजला. रविवारी तो गेलाच नाही, दिवसभर झोपून होता. म्हणाला, तुम्हाला हाका मारून घसा बसला. मी विचारलं, मग हेबिकुरा कधी? तो म्हणाला, बघू, पानं गळू देत. त्याची दोन रंगांची पाटी कोपऱ्यात उभी होती. माझ्याकडे पाठ करून ठेवली होती पाटीने, की त्याने, कोण जाणे.

पानात मुळा आता कापलेला येतो. कापताना कोरलेली बाजू खाली असते, त्यामुळे माझं नाव ओट्याला.

३ नोव्हेंबर

लीडर कासामात्सु. एकमताने. मीही हात वर केला, कारण तोमिए शेजारी बसली होती. ती आज मंडळाची सभासद झाली. विचारलंसुद्धा नाही मला.

माझी जागा बदलली. आता शेवटी नाही, मधे. पुढे तोमिए, मागे खजिनदार बाई. शेवटचा माणूस सुटला तर कळत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

घरी आल्यावर राहवेना. मी तोमिएला विचारलंच, पोलिसांना ते वर्णन तू दिलंस? ती म्हणाली, मग काय शेजारणीने? मी म्हणालो, पोक कुठे आहे मला? ती म्हणाली, मागे आहे, म्हणून तुम्हाला दिसत नाही. केस? त्यावर तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ते एक वेळ सोड, पण उंची! एकशे साठ! सबंध गावाला भोंग्यावरून! नोकरीच्या सगळ्या कागदांवर एकशे पासष्ट आहे. ती टॉवेल घेऊन उठली आणि म्हणाली, मोजा की मग. आणि अंघोळीला गेली.

मोजणारच होतो. सोक्षमोक्ष लागलेला बरा. टेप काढली. दाराच्या चौकटीला पाठ लावली, टाचा टेकवल्या, डोक्यावर पुस्तक धरलं, पेन्सिलने खूण केली.

एकशे सत्तावन्न.

श्वास भरून परत. सत्तावन्न. जाड मोजे घालून परत. सत्तावन्नच, जेमतेम अर्धा वर.

म्हणजे त्या दिवशी फोन उचलून ती पोलिसांशी बोलली, आवाज बसलेला, नवरा रानात जिवंत आहे की नाही माहीत नाही, आणि तशातही माझ्या उंचीत तिने तीन सेंटीमीटर पदरचे घातले. मग पेन्सिलची खूण थुंकी लावून पुसली.

आतून पाण्याचा आवाज थांबला. तोमिएने विचारलं, काय हो, किती भरली?

मी म्हणालो, तू सांगितलीस तेवढीच.